‘बरंय’ म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, समुपदेशक तर मुळीच नाही. बाबांच्या आजारपणात दोन वर्षांहून जास्त काळ त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, एवढीच माझी पात्रता. त्या खुर्चीतून जे दिसलं ते सांगते.

बाबांना कुणीही काहीही विचारा, उत्तर एकच. ‘बरंय.’ गुडघा सुजला, बरंय. रात्रभर झोप नाही, बरंय. मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय असं कळलं, त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला तर तिलाही ‘बरंय गं, तुझं काय?’ हसताय, म्हणजे तुमच्याही घरात असं कुणीतरी आहे. उपचारांच्या काळात माझं निम्मं काम या एका शब्दाचा अर्थ लावण्याचं होतं.

आधी थोडं आजाराबद्दल, कारण पहिल्या आठवड्यात आमचाच गोंधळ उडाला होता. रिपोर्टमध्ये आतडंही होतं आणि लिव्हरही. भाऊ म्हणाला, ‘म्हणजे दोन कॅन्सर झाले का?’ तसं नसतं. आतड्याकडचं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून थेट लिव्हरमध्ये जातं. आतड्यातून सुटलेल्या पेशींना वाटेत पहिली मोठी गाळणी लागते ती हीच, म्हणून हा आजार बहुतेकदा आधी लिव्हरमध्ये दिसतो. फुप्फुसांत किंवा पोटाच्या आतल्या अस्तरावरही जातो. कुठेही वाढल्या तरी पेशी आतड्याच्याच, म्हणून औषधंही आतड्याच्याच कॅन्सरची. आणि चौथी स्टेज, म्हणजे असा दुसरीकडे पसरलेला आजार, म्हणून सगळ्यांची एकच गत नव्हे. लिव्हरमधल्या गाठी मोजक्या असतील, तर काही जणांच्या बाबतीत किमोनंतर त्या ऑपरेशनने काढता येतात. बाकीच्यांच्या बाबतीत आजाराला शक्य तितका काळ रोखून धरणं हेच उद्दिष्ट असतं. आपण यातल्या कुठल्या वाटेवर आहोत, हे डॉक्टरांना सरळ विचारावं लागतं. आम्हाला ते विचारायला तीन भेटी लागल्या. पहिल्या दोन भेटींत आम्ही पथ्याबद्दलच विचारत बसलो.

तिसऱ्या भेटीत मी एक चूकही केली. बाबांना बाहेर बसवलं आणि एकटीच डॉक्टरांसमोर जाऊन बसले. त्यांना धक्का नको, हे कारण. पाच मिनिटांनी दार ढकलून ते आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘आजार माझा आहे ना? मग मीही ऐकतो.’ घरी परतताना त्यांनीच नियम घालून दिला. सगळं कळायला हवं, फक्त ‘किती महिने’ हा आकडा त्यांनी स्वतः विचारल्याशिवाय कुणी काढायचा नाही. हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. तुमच्या आईवडिलांचा नियम वेगळा असेल, उलटाही असेल. पण तो त्यांना विचारून ठरवा. आपण गृहीत धरतो तो बहुधा आपल्याच भीतीचा नियम असतो.

तपासण्यांबद्दल पटकन सांगते. बायोप्सीच्या तुकड्यावर आरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या तपासण्या झाल्यात का, हे विचारा. पहिली दोन जनुकांची नावं, आणि एमएसआय म्हणजे पेशींना डीएनएतल्या चुका दुरुस्त करता येत नसल्याची खूण. औषधं यावर ठरतात. पसरलेल्या आजारात सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठीत आरएएस जनुकात बदल असतो, आणि तसा असेल तर सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब ही औषधं सहसा उपयोगी पडत नाहीत. पसरलेल्या आजारात एमएसआय जास्त असलेले रुग्ण थोडे, शंभरात पाचेक. पण त्यांच्यासाठी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं औषध, फार मोठी गोष्ट ठरली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांचा आजार किमोवर साधारण ८ महिने वाढला नाही, पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर १६ महिन्यांहून अधिक. आणखी एक प्रश्न पहिली किमो लागण्याआधीच विचारायचा, तो डीपीडी नावाच्या एन्झाइमचा. हे एन्झाइम किमोचं फाइव्ह-एफयू हे औषध शरीरात मोडून टाकतं. काहींच्या शरीरात ते कमी असतं, आणि मग हे नेहमीचं औषध त्यांना विषासारखं बाधू शकतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० पासून ही तपासणी आधी करण्याची शिफारस केली आहे.

तर किमो. आमची दर दोन आठवड्यांनी असायची. पहिला दिवस डे-केअरमध्ये, ऑक्सॅलिप्लॅटिन या किमोच्या औषधाची बाटली दोन तास. मग छातीतल्या पोर्टला, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला, एक छोटा पंप जोडून घरी पाठवायचे, त्यातून ४६ तास फाइव्ह-एफयू जात राहायचं. हे औषध १९५७ सालचं. एवढं जुनं औषध अजून का देतात, असं बाबांनी नर्सला विचारलं होतं. ‘जुनं आहे, पण अजून कामाला येतं,’ ती म्हणाली, आणि बाबांना ते स्वतःबद्दलच म्हटल्यासारखं वाटलं. हे औषध रक्तात फार टिकत नाही, काही मिनिटांतच निम्मं उतरतं, म्हणून हळूहळू, दोन दिवस. रात्री पंपाची नळी अंगाखाली येऊ नये म्हणून बाबा दोन रात्री पाठीवरच झोपायचे. हेही मला चौथ्या सायकलला, म्हणजे किमोच्या चौथ्या फेरीला कळलं. विचारलं तेव्हा उत्तर अर्थातच ‘बरंय’.

ऑक्सॅलिप्लॅटिनचं गार वस्तूंशी वैर. किमोनंतरचे काही दिवस फ्रिजमधली बाटली हातात घेतली तरी बोटांना झटका बसल्यासारखं होतं. गार पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा वाटतो, श्वासच बंद होतोय अशी भीती वाटते. हे आम्हाला आधी सांगितलं होतं, त्यामुळे घाबरलो नाही. फ्रिजच्या दाराला हातमोजे अडकवून ठेवले होते. पण दुसरा त्रास हळूच येतो. हातापायांच्या टोकांना मुंग्या, मग बधिरपणा. डोस साठत जातो तसा हा वाढतो. आणि लबाडी अशी की औषध थांबवल्यावरही काही महिने वाढतच राहू शकतो. म्हणजे तो असह्य होईपर्यंत थांबून चालत नाही.

सहाव्या सायकलच्या सुमारास बाबा टी-शर्ट घालायला लागले. आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. मला वाटलं, बरंच झालं, पोर्टला सोयीचं. मग एका सकाळी त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ते पाठमोरे उभे होते, पांढरा शर्ट अंगात, आणि तिसऱ्या बटणाशी झगडत होते. डाव्या हाताने काजाची कड धरायची, उजव्या अंगठ्याने बटण ढकलायचं, ते निसटायचं. खाली बघून, पुन्हा. बोटांना बटण लागतंय की नाही हे त्यांना कळतच नव्हतं, म्हणून ते आरशात बघून ते शोधत होते. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी शर्ट काढला, नीट घडी घालून ठेवला आणि टी-शर्ट चढवला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘हातापायांना मुंग्या वगैरे?’ बाबा म्हणाले, ‘थोड्या. चालतंय.’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, बाबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून विसरता येत नाही. मी त्यांची चहाडी केली होती. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. आल्यावर म्हणाले, ‘आता औषध बंद करतील. तुझ्यामुळे.’

म्हणजे लपवण्यामागे संकोच तर होताच, मुलांना त्रास नको हेही होतं, पण मुळाशी हिशेब होता. तक्रार केली तर डोस कमी होईल, डोस कमी झाला की आजार वाढेल. बहुतेक रुग्ण असा हिशेब मांडतात आणि घरच्यांना तो दिसत नाही. खरी गोष्ट अशी की ऑक्सॅलिप्लॅटिन काही महिन्यांनी थांबवून बाकीची औषधं चालू ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे. ती हार नव्हे. डॉक्टरांनी पुढच्या वेळी तेच केलं. बाबांनी त्यांना विचारलं, ‘हे मी आधी सांगितलं असतं तर?’ डॉक्टर म्हणाले, ‘आधीच थांबवलं असतं.’ बोटं काही पूर्ण परत आली नाहीत.

त्रास सांगितल्याने उपचार बिघडत नाहीत, उलट निभावतात. याबद्दल न्यूयॉर्कमधली एक चाचणी आहे, २०१७ साली तिचे आकडे आले. पसरलेला कॅन्सर असलेले ७६६ रुग्ण. काहींनी आपली लक्षणं कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवायची, त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जायची. बाकीच्यांचं नेहमीसारखं, भेटीत विचारतील तेव्हा सांगायचं. नोंदवणाऱ्यांपैकी निम्मे ३१ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांपैकी निम्मे २६ महिन्यांहून. नवं औषध नाही, काही नाही. त्यात आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण नव्हते, स्तन, फुप्फुस वगैरेंचे होते, हेही सांगायला हवं. पण बाबांना हा कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘वही आण.’

वही साधी, शाळेतली. तिचा एकच नियम. विशेषणं लिहायची नाहीत. ‘थोडे जुलाब’ नाही, ‘दिवसात ६ वेळा, रात्री २’. ‘जेवण कमी’ नाही, ‘दुपारचं निम्मं टाकलं’. ‘थकवा’ नाही, ‘जिन्यात एकदा बसावं लागलं’. ताप तर आकड्यातच. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट झाला की रात्रीचे तीन का वाजले असेनात, फोन करायचा आणि निघायचं. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, तेव्हाचा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. बाबांनी एकदा काय केलं, कणकण वाटली म्हणून गुपचूप पॅरासिटामॉल घेतली. ताप उतरला, जंतू तिथेच. सकाळी दात वाजेपर्यंत थंडी. त्या खेपेला आठ दिवस ॲडमिट होते. म्हणून आधी थर्मामीटर, मग फोन, आणि गोळी डॉक्टर म्हणतील तर. तशाच न थांबण्याच्या आणखी गोष्टी म्हणजे उलट्या होतायत, पोट फुगलंय आणि वारा सरत नाही, किंवा एकच पाय सुजलाय, किंवा अचानक धाप लागतेय.

पोटावरच्या शौचाच्या बॅगबद्दल बोलायचं की नाही, असा विचार करत होते. बोलते. बाबांना ऑपरेशननंतर पोटावर स्टोमा होता, म्हणजे शौच बाहेर यायला पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. पहिल्या दिवशी मी शूरपणे म्हटलं, ‘मी बदलेन.’ बाबांनी मान भिंतीकडे वळवली. मदत करायच्या उत्साहात त्यांची लाज आपण विचारातच घेत नाही. स्टोमाच्या नर्सने ते बरोबर ओळखलं. तिने मला बाहेर पाठवलं आणि त्यांना आरसा दिला. स्टोमा लाल, ओलसर असतो, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला वेदना कळत नाही, पुसताना कधी थेंबभर रक्त येतं, त्याने घाबरायचं नाही. काळपट पडला तर मात्र लगेच दाखवायचं. बॅगेच्या चिकट पट्टीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं, नाहीतर आजूबाजूची कातडी सोलवटते. बॅग एकतृतीयांश भरली की रिकामी करायची. हे सगळं बाबा शिकले आणि वर्षभर त्यांनी स्वतःच केलं. बोटं बधिर झाल्यावर मात्र भोक कापायला त्यांनी मला हाक मारली. कात्री माझ्या हातात, माप त्यांचं. तेव्हा लाज नव्हती, कारण बोलावलं त्यांनी होतं.

सीईए, म्हणजे आजार वाढतोय की कमी होतोय हे बघायला रक्तात मोजतात तो आकडा, त्याबद्दल एवढंच, की किमोच्या पहिल्या काही आठवड्यांत तो तात्पुरता वाढूही शकतो. रिपोर्ट फोनवर येतो, डॉक्टर दोन दिवसांनी भेटतात. मधल्या दोन रात्री इंटरनेटवर घालवू नका. मी घालवल्या. आणि वेदना, झोप, मळमळ यांसाठी पॅलिएटिव्ह टीम, म्हणजे त्रास कमी करणारी डॉक्टर-नर्सची टीम असते, ती शेवटच्या दिवसांसाठीच नसते. पहिल्या महिन्यापासून जोडून घेता येते. आम्ही नावाला घाबरून सात महिने उशीर केला, त्यातले पाच बाबा नीट झोपले नव्हते.

भाऊ आणि मी, आम्हा दोघांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी झाली. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलांनी चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा तपासून घ्यावं असं सुचवतात. एमएसआय जास्त असेल तर लिंच सिंड्रोम या घराण्यातून येणाऱ्या, कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या दोषाचीही शंका घेतात. भावाला एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत वाढलेला छोटा कोंब, निघाला, तिथेच काढून टाकला. बाबांना सांगायला तो बिचकत होता, त्यांना अपराधी वाटेल म्हणून. बाबांनी वहीत तारीख घालून लिहिलं, ‘मुलाचा पॉलिप काढला. माझ्या आजाराचा पहिला फायदा.’

त्या वहीचं आणखी एक सांगते आणि थांबते. एका भेटीत तपासणी झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले. ‘आणि तुम्ही कशा आहात?’ मी म्हटलं, ‘मी बरी आहे.’ बाबांनी वही काढली, मागच्या बाजूने उघडली. तिथे त्यांच्या वाकड्या झालेल्या अक्षरात तीन आठवड्यांच्या नोंदी होत्या. त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवल्या. ‘सोमवार, झोप ४ तास. मंगळवार, जेवली नाही, खाल्लं म्हणाली. गुरुवार, बाथरूममध्ये नळ सोडून रडली, १० मिनिटं.’ मग माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, ‘हिला विचारू नका. ही सांगत नाही.’

चला, प्रश्न घेऊ. तिसऱ्या रांगेत मघापासून एक हात वर आहे.