भाव पडला कुणामुळे, भरभराट झाली कुणामुळे?

(दृश्य: हिंगणघाट, कापसाचं यार्ड, नोव्हेंबर 2025)

कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग. ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस बाहेर काढतो आणि ओलावा मोजायचं यंत्र त्यात खुपसतो. आकडा आठपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये. आठच्या वर दर टक्क्याला एक टक्का कपात. बाराच्या वर सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ, घेतच नाही. मग उरतो खाजगी व्यापारी, आणि त्याचा भाव हमीभावाच्या खाली.

रांगेत कास्तकारांचा वाद रंगलेला.

"ट्रम्पानं बुडवलं ना भाऊ."

"अन् दिल्लीनं काय केलं मंग?"

दोघांकडेही तारखा आहेत. 19 ऑगस्टला दिल्लीनं आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क उठवलं. 27 ऑगस्टपासून अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. पहिल्या निर्णयानं बाहेरची रुई गिरण्यांना लगेच स्वस्त पडली. दुसऱ्याची झळ फिरून येते: आधी तयार कपड्यांच्या ऑर्डरी घटतात, मग सुताची मागणी, मग रुईची. पण मे 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात पाउंडाला दीड डॉलरच्या आसपास असलेली रुई ऑगस्ट 2024 मध्येच सत्तर सेंटांखाली उतरली होती. तेव्हा ट्रम्प खुर्चीवर नव्हते. शिवाय क्विंटलभर कापसातून रुई निघते 33 ते 35 किलो, बाकी बहुतेक सरकी. सरकीचा भाव ढेप आणि तेलावर ठरतो. तिथवर व्हाइट हाऊसचा हात पोचणं कठीणच.

राष्ट्राध्यक्षांना श्रेय वाटतानाही हाच घोळ होतो.

अमेरिकेत 1980 साली महागाई साडेतेरा टक्के होती, 1983 मध्ये ती तीनच्या आसपास आली. नाव झालं रेगन यांचं. व्याजदर 20 टक्क्यांजवळ नेऊन ती उतरवली फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, पॉल व्होल्कर यांनी, आणि त्यांना 1979 मध्ये नेमलं होतं जिमी कार्टर यांनी. पेरणी एकाची, वेचणी दुसऱ्याची. तरी रेगन यांचा वाटा शून्य धरता येत नाही. 1982 अखेर बेरोजगारी 10.8 टक्क्यांवर गेली होती, तरीही पुढच्या वर्षी त्यांनी व्होल्कर यांनाच पुन्हा नेमलं. निर्णय फिरवणं सोपं असताना जो टिकतो, त्याच्या पदरात श्रेय टाकावं.

थोरल्या बुश यांचं नेमकं उलटं झालं. मंदी मार्च 1991 मध्येच संपली, पण बेरोजगारी जून 1992 पर्यंत चढत राहिली. नोव्हेंबरात ते हरले आणि पुढची भरभराट क्लिंटन यांच्या खात्यात जमा झाली.

शांततेचा हिशेब त्या मानानं सरळ. सप्टेंबर 1978 मध्ये कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना कॅम्प डेव्हिडला, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानी, 13 दिवस ठेवून घेतलं. दोघं समोरासमोर बसेनात, तेव्हा कार्टर मसुदा घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. पहिलं पाऊल सादात यांचंच, 1977 मध्ये ते स्वतः जेरुसलेमला गेले होते. पण कार्टर नसते तर मार्च 1979 चा करार तेव्हा झाला असता, असं म्हणणं अवघड आहे. त्यानंतर त्या दोन देशांत युद्ध झालेलं नाही.

1980 च्या निवडणुकीत कार्टर यांना 50 पैकी 6 राज्यं मिळाली. तेहरानच्या दूतावासात पकडलेले अमेरिकी ओलीस सुटले नव्हते, महागाई उतरली नव्हती, आणि व्होल्कर यांचं व्याज मात्र चढलेलं होतं.