रिकाम्या कॅमेऱ्याची राखण

मंडळी, सुरुवात करण्याआधी हा कॅमेरा तुमच्यात फिरवायला देतो. पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या. बटण दाबून बघायला हरकत नाही, सेल काढून ठेवलाय. फक्त कुणी उचकटू नका. का, ते थोड्या वेळानं सांगतो.

बेळगावात आमचा फोटो स्टुडिओ आणि मागच्या खोलीत लॅब. रोल धुण्यात माझी हयात गेली. आत आधीच फिल्म भरून विकल्या जाणाऱ्या असल्या कॅमेऱ्याला आपल्याकडे नाव पडलं 'यूज अँड थ्रो', आणि या नावानंच अर्धा घोटाळा केलाय. कारण हा कॅमेरा कुणी फेकत नाही. फोटो हवे असतील तर तो अख्खाच्या अख्खा लॅबमध्ये आणून द्यावा लागतो. आम्ही रोल काढतो, गिऱ्हाईक प्रिंट घेऊन जातं आणि रिकामा कॅमेरा आमच्याकडे राहतो. त्या रिकाम्या कॅमेऱ्याचं पुढे काय होतं, यावर मला आज बोलायचं आहे.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावात असल्यामुळे फौजेतली मुलं आमच्याकडे कायम येत. त्यातला एक खानापूर तालुक्यातला. बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर आला होता. येताना वाटेत कुठल्याशा स्टेशनबाहेरच्या दुकानातून त्यानं असा कॅमेरा घेतला. वर मोठ्या कंपनीचं नाव, बाहेरून सीलबंद पाकीट. लग्न झालं, दुसऱ्या दिवशी कॅमेरा काउंटरवर ठेवून म्हणाला, "काका, परवा निघायचंय. उद्यापर्यंत होतील ना?"

मी रोल काढला. डबीवरचा कागद वरून चिकटवलेला होता, पण घाईत मी तो नीट पाहिला नाही आणि रोल मशीनला लावला. आत निघाली सिनेमाची फिल्म. तेव्हाच्या सिनेमाच्या निगेटिव्हला पाठीमागून काजळीसारखा काळा थर असायचा. तो आधी वेगळ्या पाण्यात सैल करून पुसून काढावा लागायचा. आमच्या मशीनमध्ये ती सोय नसते, तिथली रसायनंही वेगळी. तो काळा थर सुटला, रोलरांना चिकटला, केमिकलमध्ये उतरला. मागून येणाऱ्या आणखी तीन गिऱ्हाइकांच्या रोलांवर ठिपके पडले. दोन दिवस मशीन बंद ठेवून टाक्या धुतल्या. पण ते नुकसान भरून निघालं. त्या मुलाचं भरून निघालं नाही. वर २७ फोटो लिहिलेले, आत फिल्म होती जेमतेम वीस-एक फोटोंची. अक्षता पडतानाचा एक फोटो कसाबसा उतरला होता, त्यातही सांध्यातून उजेड शिरून नवरीचा अर्धा चेहरा लालभडक. तो फोटो त्यानं बराच वेळ हातात धरला. मला एक शब्द बोलला नाही. पैसे ठेवले आणि गेला.

हे घडतं कसं, ते समजायला कॅमेऱ्याची चाल समजून घ्यावी लागेल. जपानच्या फुजी कंपनीनं १९८६ साली हा प्रकार बाजारात आणला, पुढच्या वर्षी कोडॅकनं. कल्पना साधी होती. ज्याच्याकडे कॅमेरा नाही, त्याला फिल्मच विकायची, पण भिंगासकट. म्हणून भिंग प्लास्टिकचं, फोकस कायमचा एकच, शटरचा वेग एकच. फुजीच्या नेहमीच्या मॉडेलात १/१४० सेकंद. खरी हुशारी फिल्मच्या चालीत आहे. साध्या कॅमेऱ्यात फोटो काढत जाऊ तशी फिल्म डबीतून बाहेर येते आणि शेवटी उलटी गुंडाळावी लागते. इथं कारखान्यातच, अंधारात, सगळी फिल्म डबीबाहेर ओढून दुसऱ्या फिरकीवर गुंडाळून ठेवतात. तुम्ही अंगठ्यानं चाक फिरवता तशी एकेक फोटो डबीत परत जाते. शेवटचा फोटो झाला की अख्खी फिल्म डबीत सुरक्षित. मग लॅबवाला भर उजेडात खालचं झाकण उघडून डबी काढू शकतो. कॅमेऱ्यावरचा उरलेल्या फोटोंचा आकडाही म्हणूनच उलटा, सत्तावीसकडून शून्याकडे जातो.

आता गंमत बघा. एवढं सगळं होऊन कॅमेऱ्याचं झिजलं काय? काहीच नाही. भिंग जागेवर, शटर जागेवर, फ्लॅश जागेवर. नवीन डबी आणि नवा सेल घातला की तो पुन्हा चालतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. लॅबकडून रिकामे कॅमेरे गोळा करून त्या स्वतःच त्यातले भाग तपासून परत वापरत आल्या आहेत. मुळात ही रीत जुनी आहे. १८८८ साली कोडॅकचा पहिला कॅमेरा निघाला, तो शंभर फोटोंची फिल्म भरूनच विकला जायचा. फोटो संपले की कॅमेरा कारखान्याला पाठवायचा, १० डॉलरमध्ये फोटो धुऊन आणि नवी फिल्म भरून तो परत यायचा. तेव्हा पुन्हा भरणं हे पाप नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण रिकामे कॅमेरे कंपनीकडे जायच्याऐवजी दुसरीकडे जाऊ लागले. अमेरिकेतल्या लॅबांमधून, इतर देशांमधून पोत्यांनी उचलले आणि चीनमधल्या कारखान्यांत गेले. तिथं पुठ्ठा काढायचा, प्लास्टिकचं कवच कापून उघडायचं, नवी फिल्म आणि डबी बसवायची, जरूर पडली तर चाक बदलायचं, सेल बदलायचा, आकडा परत मूळ जागी आणायचा, कवच पुन्हा बंद करायचं आणि नवा पुठ्ठा चढवायचा. फुजीनं जॅझ फोटो नावाच्या कंपनीसह अनेकांवर पेटंटभंगाचा दावा लावला. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १९९९ मध्ये फुजीचं म्हणणं मानलं. २००१ मध्ये अपील कोर्टानं बरंचसं फिरवलं. कोर्ट म्हणालं, वस्तू विकली की तिची दुरुस्ती करायचा हक्क घेणाऱ्याला मिळतो. पेटंटवाल्याला 'एकदाच वापरा' असं वाटतं, तेवढ्यानं वस्तूचं आयुष्य संपत नाही. मात्र पहिली विक्री अमेरिकेत झालेल्या कॅमेऱ्यांपुरतीच ती मोकळीक दिली. ही देशाची अटही २०१७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं काढून टाकली, आणि तो खटला होता प्रिंटरच्या कार्ट्रिजचा. आपल्या खडे बाजारात कार्ट्रिज भरून घेणाऱ्यांना तो लगेच कळेल.

मी या निकालाच्या बाजूचा आहे. माझी वस्तू मी उघडीन, भरीन, मोडीन. टिळकवाडीतला एक कॉलेजचा मुलगा स्वतःचा रिकामा कॅमेरा परत मागायला आला, तेव्हा मी तो दिला. वर काळ्या पिशवीत हात घालून, न बघता फिल्म कशी गुंडाळायची तेही दाखवलं. त्याच्या फोटोत रेघा आल्या, पण त्या त्याच्या रेघा होत्या. त्याला माहीत होतं आत काय आहे.

त्या जवानाला माहीत नव्हतं. सगळा फरक इथं आहे. अनधिकृत म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय, असा अर्थ लावला तर मला त्यात फारसा रस नाही. घेणाऱ्याला अंधारात ठेवून, दुसऱ्याच्या नावाखाली भरलेलं, ते माझ्या लेखी अनधिकृत. आपला कायदाही तेच बोलतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये मालाची मूळ स्थिती बदलली किंवा बिघडली असेल, तर पुढच्या विक्रीला हरकत घ्यायचा हक्क नावाच्या मालकाला ठेवला आहे. पण एवढ्याशा रकमेसाठी कोण ग्राहक आयोगात जाणार? आणि लग्नाचा फोटो आयोग कुठून परत आणून देणार? म्हणून हे आधीच अडवायला हवं.

कंपन्यांनी आपल्या परीनं प्रयत्न केले. कवचाचे हूक असे करायचे की एकदा उघडले की तुटावेत, सांधे चिकटवून टाकायचे, फोटोंचा आकडा मागे फिरू नये अशी अटक घालायची, चाकाचा दात वेगळ्या घडणीचा करून बाजारातली साधी डबी बसू द्यायची नाही. भरणाऱ्यांनी चाक बदललं, नाहीतर डबी तासून बसवली. तुटलेल्या हुकांच्या जागी काळी टेप आली. माझ्या मते या सगळ्यात उपयोगी एकच गोष्ट, ती म्हणजे तुटल्याची खूण. कॅमेरा उघडता येऊ नये असा करण्यापेक्षा, उघडला होता हे कुणालाही दिसावं असा करावा. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं की खालची कडी सुटते, तसं.

तुम्ही विकत घेताना काय बघाल? पुठ्ठ्याच्या कडेला दुसऱ्या गोंदाची ओल, पुठ्ठ्याखालून डोकावणारी टेप, भिंगावर बारीक ओरखडे, मुदतीची तारीख छापलेली नसणं किंवा वर चिकटवलेली असणं. कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा आणि पाकिटावरचा आकडा जुळतो का बघा. एवढं पुरेसं आहे.

आणि उचकटू नका असं का म्हणालो, ते. फ्लॅशसाठी आत वीज साठवणारा एक कॅपॅसिटर असतो. दीड व्होल्टच्या सेलवरून त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि सेल काढल्यावरही तो बराच काळ टिकू शकतो. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर एकदा नुसता दोन टोकांना टेकला. फट्‌कन ठिणगी उडाली, पात्याच्या टोकाला खड्डा पडला आणि पोरगा भिंतीला जाऊन टेकला. असे कॅमेरे दिवसाला शेकड्यांनी उघडणारे कुठल्या तरी शेडमध्ये कोण बसलेले असतात, त्यांना हे कुणी सांगतं का, याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आला.

त्या लग्नानंतर महिनाभरानं एक माणूस पोतं घेऊन दुकानात आला. रिकामे कॅमेरे नगावर घेतो म्हणाला, भाव भंगारापेक्षा चांगला सांगितला. खरं सांगतो, आधी मी असे कॅमेरे भंगारवाल्याला दिलेले होते, कुठं जातात हे न विचारता. त्या जवानाचा कॅमेरा माझ्याच काउंटरवरून गेलेला नसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारखान्याचं कुलूप कितीही चांगलं असलं तरी प्रत्येक कॅमेरा एकदा लॅबवाल्याच्या हातात उघडा होऊन येतो. राखण तिथं करायची असते. पोतं रिकामं परत गेलं.

तेव्हापासून काउंटरवर मराठीत आणि कन्नडात पाटी आहे : 'रिकामा कॅमेरा तुमचा आहे, हवा असेल तर मागून घ्या.' मागितला तर देतो, आणि आत मार्करनं तारीख टाकतो. जो कुणी मागत नाही, त्याचा सेल काढायचा, कॅपॅसिटर रिकामा करायचा, डबीच्या कप्प्याचं झाकण मोडायचं, फिरकीचा खांब पक्कडीनं तोडायचा. कंपनी परत नेणार असेल तर मात्र मोडत नाही. मोजून, पेटी सीलबंद करून पाठवतो. बाकीचे ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडे. एका कॅमेऱ्याला दोन मिनिटं लागतात. आता हौशी मुलांमुळे फिल्म परत येते आहे, पुन्हा भरता येणारे कॅमेरे उघडपणे विकायला आहेत, लॅबमध्ये नवी पोरं शिकायला येतात. त्यांना मी रोल धुण्याआधी हे दोन मिनिटांचं काम शिकवतो.

कॅमेरा शेवटच्या रांगेत पोचलेला दिसतोय. ताई, तो जरा उलटा करा. खाली डबीच्या कप्प्यावर बोट फिरवा. झाकणाच्या जागी नुसती खाच लागेल, आणि आत खांबाचा बुडखा. बरोबर. तो कालच तोडलाय.