सिंकचा पर्याय नेमका कुठे हरवतो?

श्रोतेहो, संगणकाच्या मदतीसाठी येणाऱ्या माणसांकडून दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, ‘सिंक होत नाही’, आणि दुसरी, ‘सिंकचा पर्यायच दिसत नाही’. ऐकायला त्या जुळ्या बहिणींसारख्या वाटल्या तरी त्यांचे निदान अगदी वेगळे आहे. पहिल्या तक्रारीत यंत्रणा जागेवर असते आणि ती कुठेतरी अडते. दुसऱ्या तक्रारीत मात्र आपण ज्या बटणावर बोट ठेवू पाहतो ते बटणच पडद्यावर नसते, आणि माणूस सेटिंग्जच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर तासभर हिंडत राहतो. आजचे बोलणे या दुसऱ्या तक्रारीविषयी आहे. पर्याय दिसत नसेल तर तो शोधण्याआधी तो कोणी काढला हे विचारावे, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे; कारण तो कंपनीने काढलेला असू शकतो, खात्याच्या ॲडमिनने, म्हणजे संस्थेची खाती सांभाळणाऱ्याने, झाकलेला असू शकतो, किंवा आपल्याच डिस्कने अथवा फोनने नाकारलेला असू शकतो.

‘समक्रमण’ हा शब्द शासकीय कागदांत शोभतो. बोलताना आपण सगळे ‘सिंक’च म्हणतो आणि मीही तेच म्हणणार आहे. मात्र या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. फाइल वर चढवणे हे अपलोड, दुसरीकडे प्रत राखणे हा बॅकअप, आणि दोन्हीकडचा बदल दोन्हीकडे पोहोचवणे हे सिंक. गूगल ड्राइव्हच्या फोनवरील ॲपमध्ये ‘फोल्डर सिंक करा’ असे बटण शोधणाऱ्यांना ते कधीच सापडत नाही, कारण ते तिथे नाहीच. फोनवरच्या एखाद्या फोल्डरवर सतत लक्ष ठेवून त्यातील बदल वर पाठवणे हे ते ॲप करत नाही. ते फाइल चढवू देते आणि निवडलेली फाइल ऑफलाइन ठेवू देते. संगणकावर पाहिलेली सोय फोनवरही असणार, हे आपण गृहीत धरलेले असते.

आता पहिल्या थराकडे, म्हणजे कंपनीनेच काढलेल्या पर्यायांकडे येऊ. याचे सर्वांत बोधक उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या फाइली ठेवण्याच्या सेवेचे आहे. विंडोज ८.१ मध्ये क्लाउडवरील, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर ठेवलेल्या, सगळ्या फाइली संगणकावर नुसत्या नावापुरत्या दिसत आणि उघडल्यावरच खाली उतरत. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा ही सोय गायब झाली, आणि ती ‘फाइल्स ऑन डिमांड’ या नावाने परत यायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी वनड्राइव्ह काढून पुन्हा टाकले, त्यांचे श्रम वाया जाणारच होते.

गूगलचे उदाहरण अजूनही लोकांना छळते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. २०१७ मध्ये आलेल्या ‘बॅकअप अँड सिंक’ या ॲपमध्ये ‘माय ड्राइव्ह’मधील हवी तेवढीच फोल्डरे निवडून संगणकावर उतरवता येत. २०२१ मध्ये ते ॲप बंद झाले आणि त्याच्या जागी ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ आले. नव्या ॲपमध्ये ‘माय ड्राइव्ह’साठी दोनच मार्ग आहेत. ‘मिरर’ निवडले तर सगळे ड्राइव्ह संगणकावर उतरते. ‘स्ट्रीम’ निवडले तर फाइली क्लाउडवरच राहतात आणि लागेल तेव्हा येतात. चार फोल्डरांसमोर टिकमार्क करण्याची जुनी यादी यात कुठेच नाही. त्या गरजेच्या जवळ जाणारा उपाय असा, की ‘स्ट्रीम’ निवडावे, मग हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ते ऑफलाइन उपलब्ध ठेवावे. काम होते, पण त्याचे नाव वेगळे आणि जागाही वेगळी आहे. म्हणून जुन्या नावाने शोधणाऱ्याला ते भेटत नाही. माझ्या मते हा बदल करताना कंपनीने वापरणाऱ्यांची सवय फारच स्वस्तात काढली. त्याच कुळातला आणखी एक बदल म्हणजे १० जुलै २०१९ पासून गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटोज यांच्यातील आपोआप होणारी देवाणघेवाण बंद झाली. ड्राइव्हमध्ये टाकलेला फोटो फोटोजमध्ये का दिसत नाही, असे आजही विचारले जाते.

दुसरा थर खात्याचा. इथे पहिला प्रश्न साधा असतो: आपण कोणत्या खात्याने आत आहोत? एकाच ब्राउझरमध्ये घरचे आणि कचेरीचे अशी दोन खाती उघडी असतात आणि डेस्कटॉप ॲप तिसऱ्याच खात्यावर चालू असते. संस्थेच्या खात्यात कोणत्या सोयी द्यायच्या हे ॲडमिन ठरवतो, आणि त्याने बंद केलेला पर्याय अनेकदा कोणताही खुलासा न करता नाहीसा होतो. मोफत योजनेच्या मर्यादाही इथेच येतात. ड्रॉपबॉक्स या तशाच दुसऱ्या सेवेने मार्च २०१९ मध्ये मोफत खात्याला तीन उपकरणांची मर्यादा घातली, त्यामुळे चौथा संगणक जोडता येत नाही. गूगलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज मिळून आहे, त्यामुळे ड्राइव्हमध्ये फारसे काही नसतानाही मेलच्या जोडपत्रांनी आणि फोटोंनी ती भरलेली असते आणि नवे काही वर चढत नाही. आणखी एक नेहमीचा घोटाळा आहे. सहकाऱ्याने आपल्याला दिलेले फोल्डर ब्राउझरमध्ये ‘शेअर्ड विथ मी’खाली दिसते, पण संगणकावरील ड्राइव्हमध्ये दिसत नाही. त्याचा शॉर्टकट ‘माय ड्राइव्ह’मध्ये जोडला, की ते तिथेही दिसू लागते.

तिसरा थर यंत्राचा, आणि तिथे माणसे सर्वांत कमी पाहतात. लॅपटॉपची जागा भरली म्हणून क्लाउडचे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवायचे हा आपल्याकडचा लाडका उपाय. पण विकत घेतलेल्या अशा अनेक डिस्क एक्सफॅट या फाइल सिस्टीमने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या एका पद्धतीने, फॉरमॅट केलेल्या असतात. वनड्राइव्हला विंडोजवर २०१७ पासून एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची फाइल सिस्टीमच लागते, आणि ‘फाइल्स ऑन डिमांड’ तर तिच्यावरच उभे आहे. लिनक्स वापरणाऱ्यांनी याहून कडवा अनुभव घेतला. ड्रॉपबॉक्सने नोव्हेंबर २०१८ पासून लिनक्सवर केवळ ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम चालेल असे ठरवले, आणि २०१९ च्या जुलैत झेडएफएस, एक्सएफएस, बीटीआरएफएस वगैरेंचा आधार पुन्हा दिला. मॅकवर ॲपलने नवी व्यवस्था आणल्यावर ड्रॉपबॉक्सचे फोल्डर ‘लायब्ररी’ या फोल्डराच्या आतील ‘क्लाउडस्टोरेज’मध्ये गेले, आणि जुन्या जागी ते न दिसल्याने पुष्कळांना फाइली गेल्याचा धसका बसला. कार्यप्रणाली जुनी असेल तर मात्र बोलणेच खुंटते. विंडोज ७, ८ आणि ८.१ वरचे वैयक्तिक वनड्राइव्ह १ मार्च २०२२ पासून सिंक करत नाही.

फोनचा दोष वेगळ्या जातीचा आहे. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, न वापरलेला फोन स्वस्थ पडला की ॲपांची पार्श्वभूमीतील कामे लांबणीवर टाकली जातात, आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे बॅटरी वाचवण्याचे नियम त्यावर आणखी भर घालतात. संगणकावरही असेच घडते. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल आणि विंडोजमध्ये ते ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायचे, म्हणून नोंदलेले असेल, तर वनड्राइव्ह स्वतःहून थांबते. शेतावरच्या घरात किंवा तालुक्याच्या गावी हॉटस्पॉटवरच काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

कधी सिंक नीट चाललेले असते आणि फक्त त्याची खूण हरवलेली असते. फाइलीच्या चित्रावरची हिरवी टिक दिसेनाशी झाली की लोक घाबरतात. विंडोजमध्ये अशा खुणांसाठी सुमारे पंधराच जागा असतात, त्यातल्या काही विंडोज स्वतःकडे ठेवते, आणि उरलेल्या विंडोजच्या ‘रजिस्ट्री’ या अंतर्गत नोंदवहीतील नावांच्या वर्णानुक्रमाने वाटल्या जातात. दोन-तीन क्लाउड ॲप टाकली की रांगेतल्या शेवटच्याला जागा मिळत नाही. म्हणून कंपन्या आपल्या नावाआधी मोकळी जागा टाकून रांगेत पुढे घुसतात. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून नंबर लावण्याचाच हा प्रकार.

आता थोडे आपल्या लिपीविषयी, कारण इंग्रजीतील मदतपानांवर हे क्वचितच मिळते. लिनक्स आणि अँड्रॉइडवरील नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही सगळी चिन्हे वेगळी मोजली जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि जमाखर्चाचा ताळेबंद’ अशा थाटाचे नाव त्यात बसते; पण त्यात वर्ष आणि संस्थेचे लांबलचक नाव जोडून मर्यादा ओलांडली, की ती फाइल विंडोजवर आनंदाने राहते आणि लिनक्सवर उतरत नाही. दुसरी अडचण ‘ऱ’ची आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकता येतो, आणि साधा ‘र’, हलन्त व एक न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही टंकता येतो. कीबोर्डाप्रमाणे पद्धत बदलते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन नावे आहेत. भरीला जुन्या मॅकवरील एचएफएस प्लस पद्धत ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, अशी साठवत असे. म्हणून एकाच नावाची दोन फोल्डरे शेजारी शेजारी दिसली आणि एकात फाइली तर दुसऱ्यात काहीच नाही असे झाले, तर सिंकला दोष देण्याआधी दोन्ही नावे पुसून एकाच कीबोर्डवरून पुन्हा लिहून पाहावीत. नाव खरोखर एकच असेल, तर संगणक दुसऱ्या वेळी हरकत घेतो.

तपासणीचा माझा क्रम यावरून लक्षात येईल. आधी ब्राउझरमधून त्याच खात्यात जाऊन फाइल वर आहे का ते पाहतो. ती तिथे असेल, तर घाई संपली. मग ॲपची आवृत्ती, योजना, ॲडमिन, डिस्कची फाइल सिस्टीम आणि मोकळी जागा, या क्रमाने जातो. ॲप काढून पुन्हा टाकणे शेवटी, आणि खाते तोडणे त्याहूनही शेवटी. ही खबरदारी उगाच नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’च्या ८४ क्रमांकाच्या काही आवृत्त्यांमध्ये वर न पोहोचलेल्या फाइली काही जणांना दिसेनाशा झाल्या. तेव्हा गूगलने स्वतः सांगितले होते, की ॲपमधून खाते तोडू नका आणि ॲपचे माहितीचे फोल्डर हलवू किंवा पुसू नका. पुढे नवी आवृत्ती आली आणि तिच्यात फाइली परत मिळवण्याचे साधन दिले गेले. ते साधन त्याच फोल्डरात शिल्लक राहिलेल्या प्रतींवर चालत होते.