बोट आहे, धक्का नाही

(मंडळाच्या कार्यक्रमातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘शिकागो ते पडूका: बोटीने नदीप्रवास’. पडूका म्हणजे केंटकीतलं, ओहायो नदीकाठचं गाव. सूर्यास्ताचे फोटो बघायला आलेल्यांची निराशा होणार, हे आधीच सांगून टाकतो. मला बोलायचंय धक्क्यांबद्दल. मिसिसिपीच्या काठाला मरीना, म्हणजे हौशी बोटी बांधायच्या आणि इंधन भरायच्या जागा, का टिकत नाहीत याबद्दल माझं एक मत आहे, आणि घरी ते आता कुणी ऐकून घेत नाही.

आपली शिकागो नदी पूर्वी मिशिगन तळ्याला मिळायची. 1900 साली कालवा काढून तिला उलटं वाहायला लावलं, म्हणजे गावाची घाण तळ्यात न जाता खालच्या गावांना जाईल. मिझुरी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1906 साली हरलं. कृष्णा-कावेरीच्या तंट्यांवर वाढलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. तर त्या कालव्यातून इलिनॉय नदीत उतरायचं आणि 330 मैलांच्या आसपास खाली जायचं, की मिसिसिपी लागते. वाटेत आठ लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेले हौद; बोट आत घ्यायची आणि पाणी सोडून तिला खालच्या पातळीला उतरवायचं.

या लॉकचं जरा सविस्तर सांगतो. बहुतेक लॉक 600 फूट लांब, 110 फूट रुंद. एक बार्ज, म्हणजे मालाची बिनइंजिनाची सपाट बोट, 195 फूट लांब, 35 फूट रुंद. तीन रांगा, प्रत्येकीत पाच, असे पंधरा बार्ज तारांनी आवळून मागून एक टोबोट ढकलत आणते. या सगळ्या जुडग्याला टो म्हणतात. रुंदीला बसतं, लांबीला नाही. मग पुढचे नऊ सोडवून आधी ते उतरवायचे, पाणी पुन्हा वर आणायचं, मग उरलेले सहा आणि टोबोट, आणि खाली सगळी जुळणी परत. दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत. रांगेत सरकारी बोटी पहिल्या, मग प्रवासी, मग माल, आणि शेवटी आपण, म्हणजे हौशे.

आम्ही भर दुपारी एका लॉकपाशी पोचलो. रेडिओवर लॉकमास्तर म्हणाला, समोरचा टो झाला की तुम्ही. बांधायला जागा नाही, वारा भिंतीकडे लोटतोय, म्हणून इंजिन चालू ठेवून जागच्या जागी मागे-पुढे करत राहायचं. हिने दशम्या काढल्या. आम्ही बार्जवरच्या पोराकडे बघत बसलो. गळ्यात लाइफ जॅकेट, खांद्यावर लोखंडी दांडा, एकेक रॅचेट सैल करत चालला होता. तार सुटली की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की आमचे मेहुणे दचकायचे. तो टो गेला. आमचा नंबर म्हणून मी पुढे सरकलो, तोवर खालून दुसरा टो हजर! मेहुणे जन्मभर विरार लोकलने गेलेले. म्हणाले, “रांग आपली, नंबर त्यांचा.”

पुढे ज्या मरीनात जागा सांगितली होती तिथे फोनवर बजावलं होतं, पाचच्या आत या. नाव घेत नाही. पोचलो अंधारात. ऑफिस बंद, डिझेलच्या पंपाला कुलूप. बोट बांधली, पण फाटकाचा कोड कुणी दिलेला नाही. बाहेर जाता येतं, परत आत येता येत नाही! समोर रस्त्यापलीकडे पिझ्झ्याचं दुकान दिसतंय आणि आम्ही उरलेल्या दशम्या खातोय. भाडं मात्र पूर्ण रात्रीचं.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. चहा थांबलाय म्हणतात.

तर मूळ मुद्दा, भराभर. सेंट लुईसजवळ लॉक नंबर 27 संपला की खाली समुद्रापर्यंत मिसिसिपीवर लॉकही नाही, धरणही नाही. मालासाठी नऊ फूट खोल वाट ठेवायची, तर काठापासून आडवे दगडी बंधारे घातलेत, विंग डॅम. ते पाणी मध्यावर रेटतात, मध्य घासला जातो, आणि बंधाऱ्यांच्या आड पाणी मंदावून गाळ बसतो. म्हणजे मालाला खोली मिळते ती काठाच्या जिवावर. मरीनाला तर काठच हवा! गोवळकोटला चिपळूणचं बंदर होतं, वाशिष्ठीत गाळ साचत गेल्यावर त्याचं काय झालं हे इथल्या चिपळूणकरांना मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, कारण पाण्याची चढउतार आहे. आहेच. सेंट लुईसच्या मापकावर 1993 चा पूर 49.58 फूट, 1940 चा नीचांक उणे 6.2. पण तरंगता धक्का पाण्याबरोबर चढतो-उतरतो. खाली गाळच असला तर तो टेकतो.

परिणाम बघा. सेंट लुईसच्या खाली किम्सविकला जुने बार्ज काठाला बांधून केलेला धक्का कित्येक दशकं होता, तोही बंद झालाय. आता सेंट लुईसच्या वर आल्टनला टाकी भरली की बोटीतून भरता येईल असा पुढचा पंप पडूकाला. सुमारे 250 मैल, त्यातले शेवटचे 46 ओहायोत, प्रवाहाच्या उलट, म्हणजे इंधन जास्त लागतं तेव्हाच टाकी तळाला. रात्री मुक्कामाला कॅस्कॅस्किया लॉकची भिंत, तीही लॉकमास्तरने हो म्हटलं तर.

म्हणून बोट घेणाऱ्यांनी विक्रेत्याला वेग विचारू नका. एका टाकीत, सावकाश चालवून, किती मैल जाते ते विचारा. 300 च्या खाली सांगितलं तर डेकवर डबे ठेवायची जागा बघून ठेवा. पेट्रोलवाल्यांनी तर नक्कीच. पडूकाच्या पुढे दक्षिणेला नेणाऱ्या टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्गाचे दहा लॉक राहिले, ते चहा घेताना विचारा.