खळ दिलेली मान

मंडळी, पडद्यावरचं हे चित्र १८१९ सालचं आहे. लंडनच्या चीपसाइडमध्ये टॉमस टेग नावाचा विक्रेता होता, त्याच्याकडून ते बाजारात आलं. एका तरुणाच्या कॉर्सेटची, म्हणजे कंबर आवळायच्या घट्ट चोळीची, नाडी दोन नोकर जीव खाऊन आवळताहेत. हो, कॉर्सेट. पुरुषाला.

अशा चित्रांचा, म्हणजे 'डँडी' म्हणवणाऱ्या छानछोकी पुरुषांची टर उडवणाऱ्या चित्रांचा, १८१८-१९ मध्ये नुसता पूर आला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, छापायचं, मग एकेक प्रत हातानं रंगवायची. दुकानाच्या काचेत ती टांगली की बाहेर गर्दी. ज्याच्या खिशात दमडी नाही तोही फुकट हसून घ्यायचा. हसण्यासारखं काय? कॉलर इतकी उंच की हाक आली तर मान नव्हे, अख्खा माणूस वळतो. पोटऱ्या बारीक, म्हणून मोज्यात गाद्या. आणि झोळीसारख्या घोळदार 'कोसॅक' विजारी. १८१४ मध्ये रशियाचा झार लंडनला आला, त्याच्याबरोबर कोसॅक घोडेस्वार आले, त्यांची ही देणगी.

आता गंमत बघा. या 'डँडी' पंथाचा आद्य पुरुष ब्यू ब्रमेल. त्याचा पोशाख मात्र साधा: गडद निळा कोट, अंगाबरोबर बसलेला, आणि स्वच्छ पांढरं कापड. त्याचा खरा शोध म्हणजे गळपट्टीला खळ. ती मनासारखी बसेपर्यंत तो एकामागून एक फेकून द्यायचा म्हणे. पण कर्ज गळ्याशी आलं आणि १८१६ मध्ये तो फ्रान्सला, कॅलेला पळाला. म्हणजे ज्याच्या नावानं शिमगा, तो गावातच नव्हता!

मग ही चित्रं कोणावर होती? व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रुकशँकचे डँडी नीट बघा. खोली दरिद्री आहे, थाट उमरावाचा. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. मला हा विनोद जरा क्रूर वाटतो. रंगीत प्रत विकत घेऊ शकणारा माणूस इथे बिनपैशाच्या माणसाच्या हौसेला हसतोय.

पण रॉबर्टचा धाकटा भाऊ जॉर्ज, त्यानं थेट वरच्यांनाच हात घातला. १८१९ च्या डिसेंबरात विल्यम होन या प्रकाशकानं एक पुस्तिका काढली, चित्रं जॉर्जची. तिच्यात 'साठीचा डँडी' आहे. तो कोण, हे लंडनमध्ये कुणाला सांगावं लागलं नाही. राज्य चालवणारा युवराज! तेव्हा सत्तावन्न वर्षांचा आणि देहानं अवाढव्य. पुढच्याच महिन्यात तो राजा झाला, चौथा जॉर्ज. जून १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँकला शंभर पौंड मिळाले. अट एकच: महाराजांना कुठल्याही अनैतिक अवस्थेत दाखवायचं नाही.

क्रुकशँकनं पैसे घेतले. आणि त्याच वर्षी होनच्याच नंतरच्या एका पुस्तिकेत महाराज खुर्चीत पिऊन लोळलेले आहेत. पुढचं चित्र लावा.