बुबुळावरचा नकाशा

मंडळी, तालुक्याच्या गावी शिबिर लागतं, टेबलावर भिंग आणि टॉर्च असतो, भिंतीवर दोन मोठ्या डोळ्यांचा रंगीत तक्ता. 'रक्त न काढता आजार ओळखा' असा फलक. या पद्धतीला आयरिडॉलॉजी म्हणतात. तिला नुसतं हसून सोडून देण्यापेक्षा ती नेमकी कशी चालते ते बघू.

बाहुलीभोवतीचं तपकिरी कडं म्हणजे आयरिस. त्याचा व्यास साधारण 12 मिलीमीटर, जाडी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. तपासणारा माणसाला खुर्चीत बसवतो, टॉर्च बाजूने तिरपा धरतो आणि भिंगातून बघतो. हल्ली मोबाइलला लेन्स लावून फोटोही काढतात. मग आयरिसवर घड्याळाची तबकडी कल्पायची. उजवा डोळा उजव्या अंगाचा, डावा डाव्या अंगाचा. बाराच्या आसपास मेंदू, सहाच्या आसपास मूत्रपिंड आणि पाय, उजव्या डोळ्यात आठच्या थोडं अलीकडे यकृत, डाव्या डोळ्यात तीनच्या सुमारास हृदय. बाहुलीला चिकटून जठर, त्याबाहेर आतडी. त्या घरात खड्डा, डाग, रेष किंवा रंगाचा ठिपका दिसला की तो अवयव 'कमजोर'.

हा नकाशा आला एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातून. हंगेरीचे इग्नात्स फॉन पेक्झेली हे त्याचे जनक मानले जातात. घुबडाचा पाय मोडला आणि त्याच्या डोळ्यात रेघ उमटली, ही दंतकथा त्यांच्याच नावावर सांगतात. स्वीडनच्या निल्स लिल्येक्विस्ट यांनीही स्वतंत्रपणे असंच काही मांडलं. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या बर्नार्ड जेन्सन यांचा तक्ता सगळीकडे पोचला. वेगवेगळ्या लेखकांच्या तक्त्यांत अवयवांच्या जागा जुळत नाहीत, हे भिंतीवरचा एकच तक्ता बघणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आता गडबड कुठे होते? तपासणाऱ्याला दिसतं ते खोटं नसतं. खड्डे असतात, ठिपके असतात. पण गडद तपकिरी डोळ्यात आयरिसचा वरचा थर मेलॅनिन या रंगद्रव्याने इतका भरलेला असतो, की खालचे तंतू साध्या उजेडात दिसतच नाहीत. हे तक्ते मुख्यतः निळसर-करड्या डोळ्यांवर बेतलेले. आपल्याकडच्या डोळ्यात ठळक दिसतात त्या गोलाकार वळ्या, आणि त्यांना 'ताणाची वर्तुळं' म्हणतात. मुळात बाहुली मोठी झाली की आयरिस आक्रसते आणि लुगड्याच्या निऱ्यांसारख्या घड्या पडतात. टॉर्च जवळ आणा, बाहुली बारीक होते, आयरिस ताणली जाते, वळ्या फिक्या पडतात. म्हणजे ताण वाढला की कमी झाला, हे टॉर्चच्या अंतरावर ठरणार.

दुसरी चूक मोबाइलची. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो पुष्कळदा आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो. नाकाकडची बाजू कानाकडे गेली की तीनचं नऊ होतं, आणि हृदयाच्या घरातला डाग भलत्याच घरात जाऊन बसतो. तरी निदान निघतंच!

मूळ अडचण वायरिंगची आहे. आयरिसला नसा मिळतात त्या डोळ्याच्या स्वतःच्या कामासाठी: बाहुली लहान करायची, मोठी करायची, वेदना कळवायची. मूत्रपिंडाकडून किंवा यकृताकडून तिथल्या ठराविक घरापर्यंत येणारी नस शरीररचनेत नाही.

आणि आधार कार्ड आठवा. नोंदणीला दहा बोटांबरोबर दोन्ही आयरिस घेतात, कारण ती नक्षी वर्षानुवर्षं टिकते. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात, रेशन दुकानावर जुळत नाहीत. तिथे डोळ्याचं स्कॅन उपयोगी पडतं. हे यंत्र अवरक्त उजेड वापरतं, म्हणून मेलॅनिनखालची नक्षीही त्याला दिसते. प्रत्येक कावीळ, प्रत्येक मुतखडा त्या नक्षीत नोंदला गेला असता तर हे स्कॅन कधीच बाद झालं असतं.

चाचण्याही झाल्या आहेत. 1979 साली अमेरिकेत 143 जणांच्या आयरिसचे फोटो तीन आयरिडॉलॉजिस्टना दाखवले; त्यांतले 48 मूत्रपिंडाचे रुग्ण होते. स्वतः जेन्सन परीक्षकांत होते. आजारी आणि निरोगी कोणालाच वेगळे काढता आले नाहीत. 1988 साली नेदरलँड्समध्ये पित्ताशयाच्या 39 रुग्णांचे आणि तेवढ्याच इतरांचे फोटो पाच जणांना दिले, तिथेही तेच. माणूस समोर बसलेला असतो तेव्हा त्याचं वय, पोट, धाप, चेहऱ्यावरची सूज दिसते, बोलण्यातून निम्मं कळतं; नुसता फोटो दिला की ती मदत जाते.

म्हणून डोळा काहीच सांगत नाही असं नव्हे. पण सांगतो ते वेगळ्या जागी. काळ्या भागाच्या कडेला पांढुरकी कडा वृद्धांत सर्रास असते; चाळिशीच्या आत दिसली तर कोलेस्टेरॉल तपासावं. ही कडा आयरिसवर नसून पुढच्या पारदर्शक पटलावर, कॉर्नियावर असते. तिथेच तांब्याचं सोनेरी-तपकिरी कडं विल्सन आजारात, म्हणजे शरीरात तांबं साचण्याच्या आजारात, दिसतं. तरुण मुलाला यकृताचा त्रास आणि हाताला कंप असेल तर डोळ्यांचे डॉक्टर स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली ते शोधतात. आयरिसवर नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवणं हे जुन्या, बिघडलेल्या मधुमेहाचं गंभीर लक्षण. डोळा लाल, दुखरा, उजेड सोसत नाही आणि सकाळी कंबर आखडते, अशी जोडी असेल तर मणक्याच्या संधिवाताचा विचार करतात. काचबिंदूच्या काही थेंबांनी आयरिसचा रंगही गडद होतो. या प्रत्येक बदलामागचं कारण माहीत आहे.

तोटा कुठला, तर 'तुमची किडनी उत्तम' हे वाक्य. शुगर-बीपी असलेला माणूस ते ऐकून दोन वर्षं निश्चिंत राहतो, आणि त्या काळात मूत्रपिंड दुखत नाही, सांगत नाही. त्याचा पत्ता रक्तातल्या क्रिएटिनिनने आणि लघवीतल्या अल्ब्युमिनने लागतो. वर्षातून एकदा दोन्ही चाचण्या करायच्या. मधुमेहाच्या निदानासाठी उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त, अथवा एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) 6.5 टक्के किंवा जास्त; लक्षणं नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करायची.

टाइप 2 मधुमेह कळला त्याच वेळी डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यायचा, मग साधारण दरवर्षी. थेंब घालून बाहुली मोठी करतात, वीस-तीस मिनिटं थांबावं लागतं. नंतर काही तास जवळचं अंधुक दिसतं, ऊन सोसत नाही. त्यामुळे मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका, सोबत कोणीतरी घ्या आणि टोपी-गॉगल विसरू नका. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये तर नाहीच नाही.