विस्थापितांच्या वाटेने

रसिकहो, सरत्या वर्षात जे पाहिले, ऐकले आणि जिथे फिरले, त्यांतले मनाला सर्वांत भिडलेले ते सांगावे, एवढाच विषय मला वाचनालयाने दिला आहे. आवडलेल्या गोष्टी कागदावर उतरवू लागले, तेव्हा त्यांच्यातले एक नाते माझ्या लक्षात आले. त्यांतल्या बहुतेक आपल्या मूळ जागेवरून कधी ना कधी उठवल्या गेलेल्या आहेत. कुठे देव नदी ओलांडून गेला आहे, कुठे गाव पाण्याखाली गेले आहे, कुठे गाणे गोव्यातून मुंबईला गेले आहे. गोमंतकीय संस्कृती समजून घ्यायची असेल, तर स्थळांइतक्याच या वाटाही चालल्या पाहिजेत, असे माझे मत या वर्षाने पक्के केले. म्हणून आज मी त्या वाटांविषयीच बोलणार आहे.

सुरुवात दिवाडीपासून करते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागते, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकावरून आणखी एका फेरीने पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्वेला उतरता येते. सप्तकोटेश्वराचे मूळ देवालय याच बेटावर होते. हा गोव्याच्या कदंब राजांचा आराध्य देव. आपल्याला त्याचा वरप्रसाद लाभल्याचे ते नाण्यांवर अभिमानाने कोरत असत. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देवालय उद्ध्वस्त झाले, पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते पुन्हा पाडले गेले. पैलू पाडलेले ते लिंग काही काळ विहिरीच्या काठी साध्या दगडासारखे वापरले जात होते आणि तिथून भाविकांनी ते रातोरात नदीपार नेले, असे सांगतात. पलीकडच्या काठावर देवाची स्थापना झाली आणि त्या जागेलाही लोकांनी जुन्या गावाचेच, नार्वे हे नाव दिले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवालय बांधण्याची आज्ञा केली. शके १५९० चा तो शिलालेख आजही दारावर वाचता येतो.

मी हा प्रवास मुद्दाम देवाच्या क्रमाने केला. आधी दिवाडीवर जुन्या देवळाच्या तळीचा, म्हणजे कोटितीर्थाचा परिसर पाहिला, मग फेरीने नार्वेला गेले. मोटारीने थेट डिचोलीवरून येणाऱ्याला नार्वेचे देऊळ दिसते, पण त्याच्या आणि मूळ जागेच्या मध्ये वाहणारी नदी त्याच्या अनुभवात येत नाही. फेरीतून उतरणाऱ्याला मात्र ती येते, आणि किती थोड्या अंतरात त्या काळी राज्य, कायदा आणि धर्माचे भवितव्य बदलत होते, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. देऊळ भव्य नाही. कौलारू उतरते छप्पर, गर्भगृहावर बसका घुमट, समोर दीपस्तंभ, मागे डोंगराची झाडी. २०२३ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाल्यापासून वर्दळ वाढली आहे आणि तिचा मला आनंदच आहे. आपल्या शाळांच्या सहली मात्र याच जलमार्गाने न्याव्यात, अशी माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

अशी स्थलांतरे गोव्यात पदोपदी आढळतात. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडण बेटावरचा. तिथून तो मयेला आणि मग माशेलला आला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोरच्या पटांगणात चिखलकालो होतो. यंदा पाऊस भरपूर होता. अंगाला तेल चोपडलेले आबालवृद्ध भजन करीत देवळातून बाहेर पडतात आणि पाहता पाहता नाव, वय, हुद्दा सगळे चिखलात मिसळून जाते. ज्या देवाला दोनदा घर बदलावे लागले, त्याच्या दारात लोक इतक्या मोकळेपणाने मातीत लोळतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर या यादीत थोडे वेगळे बसते. इथे देव हलला नाही, दगड हलला. जांभ्याच्या या प्रदेशात ते मंदिर काळ्या बेसाल्टचे आहे आणि तो दगड घाटमाथ्यावरून आणला असावा, असे अभ्यासक मानतात. दाट अरण्यात असल्यामुळेच ते वाचले. सभामंडपाच्या छतात कोरलेले कमळ पाहायला मी दर एक-दोन वर्षांनी जाते, आणि यंदाही गेले.

आता गाण्याकडे वळते. सूरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाने कला अकादमीत होणारा संगीत समारोह आपल्यातले बरेच जण ऐकतात. केसरबाई फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. दोघीही उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या आणि दोघींचीही कीर्ती मुंबईत झाली. देवळांच्या आश्रयाने गाणे जपणाऱ्या समाजातल्या मुलींना त्या काळी गोव्यात ना पुरेशी तालीम मिळाली असती, ना मान. त्यांना घर सोडावे लागले, हे आपण विसरू नये. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये नासाच्या दोन व्हॉयेजर यानांबरोबरच्या सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली. त्यांतले नंतरचे यान सुटले ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. गावाच्या नावाने ओळखली जाणारी गायिका आपल्या आवाजाने इतक्या दूर पोहोचली, याचा मला अपार अभिमान वाटतो. पण त्याच अभिमानात केरीतल्या आजच्या मुलीला रोज तालीम कुठे मिळते, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

मोगूबाईंचे कुर्डी ही माझी या वर्षातली सर्वांत आवडती जागा. साळावली धरणाच्या जलाशयात हे गाव गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात बुडाले. लोकांना वाडे आणि वालकिणी या गावांत वसवण्यात आले. कदंबकाळातले महादेवाचे मंदिर दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाव वर येते. तडकलेल्या गाळातून जांभ्याची जोती दिसू लागतात, तुळशीवृंदावनाचा चौथरा दिसतो, झाडांचे काळे पडलेले बुंधे दिसतात आणि सोमेश्वराचे देऊळ मोकळे होते. मे महिन्यात कुर्डीकर तिथे उत्सवाला जमतात. गावचे ख्रिस्ती बांधवही आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, फेस्ताला (सणाला) येतात. एक वृद्ध बाई नातवाला घेऊन एका जोत्यावर उभ्या होत्या. इथे रांधणीकूड, इथे न्हाणी, इथून विहिरीकडे वाट, असे त्या बोटाने दाखवत होत्या, आणि तो मुलगा प्रत्येक ठिकाणी पाय ठेवून खात्री करून घेत होता. मोगूबाईंच्या घराचे अवशेषही तिथे आहेत. ज्यांनी त्यांचे गाणे ऐकले आहे, त्यांनी ती जागा अवश्य पाहावी.

कुर्डीबद्दल बोलताना एक गोष्ट मी सोडणार नाही. साळावलीचे पाणी आपण दक्षिण गोव्यात घरोघरी पितो, आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन धरण का हवे, हे लोकांना समजावून गेले होते. गावाने ते मान्य केले. त्यामुळे आपण तिथे जातो, ते ज्यांच्या त्यागावर आपला नळ चालतो त्यांच्या घरी जातो. अलीकडे उन्हाळ्यात तिथे मोटारी गाळातून फिरवल्या जातात, जोत्यांवर चढून छायाचित्रे काढली जातात आणि खाण्याची पाकिटे तिथेच टाकली जातात. हे थांबले पाहिजे. पुढच्या मे महिन्यात जाणार असाल, तर गाडी दूर ठेवून पायी जा, चौथऱ्यावर पाय देण्याआधी जवळच्या कुर्डीकराला ते कोणाचे घर म्हणून विचारा, आणि उत्सवाच्या पंगतीला आग्रह झाला तर नाही म्हणू नका. जेवताना शेजारी बसलेले लोक वाडा न् वाडा सांगतात, आणि ते ऐकायला वेळ काढून जावे.